वाटेवर आधी यंत्र जावे : महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : नक्षलविरोधी मोहिमांत मानवविरहित भूवाहनांचे स्थान आणि त्यांच्या खरेदीआधीची चाचणी

महोदय,

गडचिरोलीत पोलिसांचे जीव चकमकींत गेले, तसे वाटेवरही गेले. २००९ या वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथल्या हल्ल्यांत घातपातात सापडलेली पथके गोळीबाराला बळी पडली. त्यानंतरच्या मोठ्या घटना पाहिल्या, तर घात झाला तो जमिनीखालून. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस भूसुरुंगाने उडवली गेली आणि १२ जवान ठार झाले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीच्या परिसरात गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे सात जवान असेच गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांच्या खाजगी गाडीचा चालक ठार झाले. जवानांना बंदूक उचलायलाही सवड मिळाली नाही. मानवविरहित भूवाहनाचा, म्हणजे चालकाविना जमिनीवर फिरणाऱ्या दूरनियंत्रित यंत्राचा विचार इथून सुरू करावा लागतो. अशा यंत्राचा नक्षलविरोधी मोहिमेत खरा उपयोग एकच आहे : स्फोटक आणि माणूस यांच्यातले अंतर वाढवणे.

भूसुरुंग कसा पेरला जातो हे समजले, की यंत्राकडून काय मागायचे तेही समजते. दंडकारण्यात दोन पद्धती रूढ आहेत. पहिली वाहनांसाठी. डांबरी रस्त्याखाली, मोरीत किंवा रपट्याच्या कडेला मोठी स्फोटके ठेवायची, त्यातून वायर काढून जमिनीत वीतभर खोल पुरत झाडीपर्यंत न्यायची आणि गाडी नेमकी वर आली की बॅटरीला तारा टेकवायच्या. काही वेळा रस्ता बांधला जात असतानाच स्फोटके खाली जातात. वरून डांबर पडले की खोदल्याची खूण उरत नाही. दुसरी पद्धत पायी चालणाऱ्यांसाठी. पायवाटेवर, पाणवठ्याजवळ किंवा जवान विसाव्याला टेकतील अशा झाडाखाली छोटे स्फोटक पुरायचे आणि वर दाबाची कळ बसवायची. कळीसाठी इंजेक्शनची प्लास्टिक सिरिंजही वापरली जाते, डबा म्हणून कुकर किंवा टिफिन. धातू जितका कमी, तितका मेटल डिटेक्टर मुका. ही दाबाची कळ पोलीस आणि गावकरी यांत फरक करत नाही. मोहफुले वेचायला गेलेली बाई, तेंदूपाने तोडणारा मजूर, चरायला सोडलेले जनावर यांपैकी कोणाच्याही पायाने ती दबते.

यावर आजचा उपाय म्हणजे रोड ओपनिंग. पथक पायी निघते. पुढे मेटल डिटेक्टर घेतलेला जवान, त्याच्याजवळ श्वान आणि त्याला हाताळणारा जवान, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडीत शिरून वायर शोधणाऱ्या तुकड्या. मोरी आली की कोणीतरी खाली उतरतो, वाकून सिमेंटच्या नळीत टॉर्च मारतो आणि पाहतो : पाला मुद्दाम रचल्यासारखा दिसतो का, गिलावा ताजा आहे का, मातीचा रंग वेगळा आहे का. दहा किलोमीटरच्या रस्त्यात अशा मोऱ्या कितीतरी असतात आणि प्रत्येकीत असेच वाकायचे असते. कंटाळा, ऊन, भूक आणि काल काही सापडले नाही म्हणून आजही सापडणार नाही ही भावना, हे सगळे त्या जवानाच्या विरोधात काम करत असते. श्वानाचे नाक आजही कोणत्याही उपकरणापेक्षा सरस आहे. पण श्वानही थकतो, तापतो. एप्रिल २०२५ मध्ये छत्तीसगड-तेलंगणा सीमेवरच्या कर्रेगुट्टा टेकड्यांवरील मोहिमेत केंद्रीय राखीव दलाची रोलो ही बेल्जियन मॅलिनॉय मादी मधमाश्यांच्या हल्ल्यात मेली. त्याच एकवीस दिवसांच्या मोहिमेत ४५० आयईडी, म्हणजे घरगुती बनावटीची स्फोटके, हाती लागली आणि १८ जवान जखमी झाले.

दुसरा उपाय जाड पत्र्याचा. भूसुरुंगविरोधी वाहनाचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर बाजूंना फाकतो. पण प्रत्येक गाडीची सोसण्याची मर्यादा किलोंत ठरलेली असते आणि ती मर्यादा पेरणाऱ्यालाही कळते. तो आणखी पुरतो. सप्टेंबर २००५ मध्ये बिजापूर भागात असेच एक वाहन उडवले गेले, तेव्हा आतले २४ जण ठार झाले. ६ जानेवारी २०२५ रोजी त्याच जिल्ह्यात अंबेलीजवळ पोलिसांची गाडी उडाली आणि डीआरजी या जिल्हा राखीव दलाचे आठ जवान व चालक गेले. चिलखत वाढवत राहण्याची ही शर्यत पेरणारा स्वस्तात जिंकतो. त्याला अमोनियम नायट्रेटची आणखी एक गोणी लागते, सरकारला अख्खी नवी गाडी लागते. गाडीत माणूसच नसेल, तर ही शर्यत तिथेच थांबते.

या यंत्रांचा जन्मही बंडखोरीविरुद्धच्याच लढाईत झाला. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या कारबॉम्बनी ब्रिटिश सैन्याचे स्फोटकतज्ज्ञ एकामागून एक मरत होते. पीटर मिलर या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने बागकामातल्या विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा घेतला आणि त्याला आकडा लावला. संशयित गाडीला आकडा अडकवून ती लांबून ओढून न्यायची, एवढीच मूळ कल्पना. पुढे त्यावर पाण्याचा मारा करणारी नळी बसली. तिच्यात छोटा बार उडतो आणि पाण्याचा लोळ इतक्या वेगाने सुटतो, की बॅटरी आणि डिटोनेटर यांचा जोड स्फोटाला वेळ मिळायच्या आत तुटतो. व्हीलबॅरो या नावानेच ते यंत्र ओळखले गेले आणि पुढच्या वर्षांत अशी शेकडो यंत्रे स्फोटांत नष्ट झाली. ती नष्ट झाली तेव्हा त्यांच्या जागी माणूस नव्हता. या यंत्रांचे यश मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

अफगाणिस्तानात २००२ पासून अमेरिकी सैन्याने पॅकबॉट हे पाठीवर नेता येईल असे यंत्र गुहा आणि वाडे तपासायला वापरले. इराकमध्ये टॅलनसारखी यंत्रे रस्त्यावरच्या बॉम्बसाठी हजारोंच्या संख्येने गेली. तिथे दिसलेली एक गोष्ट महाराष्ट्राच्या कामाची आहे. लहान, स्वस्त, दोन जवानांना उचलता येणारे आणि तळावरच दुरुस्त होणारे यंत्र रोज वापरले जाते. मोठे, नाजूक यंत्र शेडमध्ये राहते.

महाराष्ट्राला हे तंत्र परके नाही. पुण्यात दिघीला डीआरडीओची आर अँड डीई ही अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित वाहन तिथेच घडले. लष्कराने २० यंत्रांची मागणी नोंदवली आणि डिसेंबर २०११ मध्ये पहिली पाच यंत्रे लष्कराच्या हाती आली. दक्ष विजेवर चालते, जिने चढते, यांत्रिक हाताने संशयित वस्तू उचलते, अंगावरच्या क्ष-किरण यंत्राने तिच्या आत काय आहे ते दाखवते, कुलूप उडवायला त्यावर शॉटगन आहे आणि स्फोटक निकामी करायला पाण्याच्या माऱ्याची नळी. सुमारे ५०० मीटरवरून ते चालवता येते आणि एका चार्जिंगवर साधारण तीन तास काम करते. पुढे याच प्रयोगशाळेने त्याची छोटी भावंडेही घडवली. आगगाडीचा डबा किंवा विमान यांसारख्या अरुंद जागेत शिरणारे यंत्र त्यांतलेच. रेल्वे स्थानक, विमानतळ, बाजारपेठ, मंत्रालयाचा जिना, अशा जागी बेवारस बॅग सापडली तर दक्षसारखे यंत्र हेच योग्य उत्तर आहे.

एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर मात्र त्याच यंत्राचे गणित बदलते. दक्षचे वजन साडेतीनशे किलोंच्या घरात आहे. ते घटनास्थळी न्यायला वेगळे वाहन लागते आणि ते वाहन ज्या रस्त्याने जाणार, तोच रस्ता अजून तपासलेला नसतो. माणूस धोक्यातून काढायला आणलेले यंत्र पोहोचवण्यासाठी माणसालाच धोक्यात घालावे लागले, तर हेतूच बुडतो. तीन तासांची बॅटरी सीएसएमटीच्या फलाटावर पुरते; दहा किलोमीटरच्या रोड ओपनिंगला पुरत नाही. दोष दिघीच्या अभियंत्यांचा नाही. त्यांना जे मागितले गेले ते त्यांनी दिले, आणि मागितले गेले होते ते मुख्यतः बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचे यंत्र. जंगलातल्या वाटेचे यंत्र कोणी नीट लिहून मागितलेलेच नाही, हा खरा प्रश्न आहे.

जंगल या यंत्रांना तीन ठिकाणी अडवते. पहिली अडचण संपर्काची. सरळ नजरेच्या टप्प्यात ५०० मीटर म्हणजे मोकळ्या मैदानात ५०० मीटर. साग, ऐन आणि बांबूच्या दाटीत, त्यातही पावसाने पाने निथळत असताना, रेडिओलहरी शोषल्या जातात आणि रस्त्याचे एक वळण मध्ये आले तरी चित्र गोठते. सीरियात २०१८ मध्ये रशियाच्या उरान-९ या मोठ्या सशस्त्र यंत्राचे असेच झाले : काही किलोमीटरचा टप्पा सांगितला होता, प्रत्यक्षात इमारतींच्या आडोशाने काहीशे मीटरांतच ताबा सुटू लागला. त्यात आणखी एक गुंता आहे. रेडिओने उडवायचे बॉम्ब रोखण्यासाठी ताफ्यात जॅमर चालू ठेवला, की आपल्याच यंत्राचा रेडिओही बंद पडू शकतो. उपाय आहेत. यंत्रामागे केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबर उलगडत सोडता येते. युक्रेनच्या युद्धात अशा तारेवरचे ड्रोन दोन्ही बाजूंनी सर्रास वापरले आणि त्यांना जॅमर काही करू शकत नाही. रस्त्याने सरळ पुढे जाऊन परत येणाऱ्या यंत्राला ही तार चालण्यासारखी आहे. झुडपांत फिरणाऱ्याला ती अडकेल. पण हे कागदावर ठरत नाही, प्रत्यक्ष तारा ओढून पाहावे लागते.

दुसरी अडचण जमिनीच्या आत पाहण्याची. कमी धातूचे स्फोटक डिटेक्टरला दिसत नाही, म्हणून जमिनीत लहरी सोडून परावर्तन वाचणारे रडार यंत्राच्या पुढे बसवण्याची कल्पना पुढे येते. कोरड्या वाळूत ते उत्तम चालते. ओल्या चिकण मातीत लहरी वरच्या थरातच विरतात, आणि मुळे, दगड, वारुळे, गाडलेले ओंडके या सगळ्यांवरून खोटे इशारे येतात. दर दहा पावलांवर खोटा इशारा देणारे यंत्र तीन दिवसांत विश्वास गमावते आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी पाहत नाही. मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या चिखलात असे रडार किती खरे बोलते, हे गडचिरोलीच्याच मातीत मोजले पाहिजे. विक्रेत्याच्या पत्रकावरचा आकडा इथे निरुपयोगी आहे.

तिसरी अडचण साधी, पण सर्वांत जास्त यंत्रे तिनेच बंद पडतात : ऊन, पाणी आणि दुरुस्ती. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी पोलीस मदत केंद्रावर यंत्राची एक साखळी तुटली, तर ती दुरुस्त करायला पुण्याहून तंत्रज्ञ येऊ शकत नाही. केंद्रावरच्या मोटार परिवहन विभागातल्या जवानाला ती पान्याने खोलून बसवता आली पाहिजे.

एवढे सगळे पाहूनही उपयोगाची यादी रिकामी राहत नाही. सर्वांत वरचे काम मोरी तपासण्याचे. वीस-पंचवीस किलोंचे, पट्ट्यांवर चालणारे, दिवा आणि कॅमेरा असलेले साधे यंत्र सिमेंटच्या नळीत शिरू शकते. जवान शंभर मीटर मागे, आडोशाला, पडद्याकडे पाहत बसतो. चिखलातून निघालेली वायर, नव्याने लावलेला दगड, पोत्याचा कोपरा हे त्याला दिसते आणि चित्र साठवूनही ठेवता येते. पुढच्या आठवड्यात त्याच मोरीचे नवे चित्र जुन्याशेजारी ठेवले, तर काय बदलले ते उघड होते. जवानाची नजर थकते, आठवण पुसट होते, साठवलेले चित्र तसेच राहते. हे काम करायला फार हुशार यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच सुरुवात इथून व्हावी.

दुसरे काम ओझ्याचे आणि जखमींचे. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे अशा अतिदुर्गम ठिकाणी गडचिरोली पोलिसांनी एका दिवसात पोलीस मदत केंद्रे उभी केली, हे अलीकडच्या काळातले मोठे काम आहे. केंद्र उभे राहिल्यावर त्याला रोज पाणी, शिधा, डिझेल, दारूगोळा लागतो आणि ज्या वाटेने तो रोज जातो, ती वाट पेरणाऱ्याला पाठ होते. शेवटचे काही किलोमीटर सामान चालकाविना गेले, तर त्या रोजच्या फेरीतला धोका तेवढाच कमी होतो. एस्टोनियाच्या सैन्याने २०१९ मध्ये मालीत नेमके हेच करून पाहिले : थेमिस हे पट्ट्यांवरचे वाहन गस्तीबरोबर पाणी आणि दारूगोळा घेऊन, वाळू आणि उन्हात चालवले. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टर उतरेल अशा मोकळ्या जागेपर्यंत नेताना आज चार साथीदारांचे हात स्ट्रेचरला अडकतात. तेच चार जण त्या क्षणी पहाऱ्यावर हवे असतात. हेच वाहन शांततेच्या काळात पुरात अडकलेल्या गावातून बाळंतीण आणू शकते. गडचिरोलीत आजही रुग्णाला खाटेवर टाकून नाला ओलांडावा लागतो, आणि पोलिसांचे वाहन त्या कामी आले तर त्याचे मोल कोणत्याही जनजागरण मेळाव्याइतकेच आहे.

पायांवर चालणाऱ्या यंत्रांबाबत मात्र घाई नको. १५ जानेवारी २०२५ रोजी लष्कर दिनाचे संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले, तेव्हा लष्कराचे ‘म्यूल’ नावाचे चारपायी रोबो रांगेने चालताना लोकांनी पाहिले. लष्कराने अशी शंभर यंत्रे घेतली आहेत. पायऱ्या, उतार, खडक यांवर ती चांगली चालतात आणि इमारतीत आधी डोकावायला उपयोगी आहेत. ओझे मात्र ती मोजकेच वाहतात. अमेरिकेच्या मरीन दलाने मोठे ओझे वाहणारा चारपायी रोबो अनेक वर्षे तपासला आणि २०१५ मध्ये बाजूला ठेवला, कारण त्याच्या इंजिनाचा आवाज गस्तीची जागा जगाला सांगत असे. रात्रीच्या जंगलात, जिथे काटकी मोडली तरी ऐकू येते, हा अनुभव विसरून चालणार नाही.

या यंत्रांवर बंदूक बसवावी का, हा प्रश्न पुढे-मागे गृहखात्यासमोर येईलच. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बीएमपी गाडीवर बेतलेले ‘मंत्र’ हे मानवविरहित वाहन टेहळणी, सुरुंगशोध आणि किरणोत्सर्गाची पाहणी अशा तीन रूपांत घडवले. त्यांत सशस्त्र रूप नव्हते आणि ती निवड शहाणपणाची होती. अमेरिकेने २००७ मध्ये मशीनगन बसवलेली तीन यंत्रे इराकमध्ये नेली, पण त्यांना लढाईत गोळी झाडू दिली नाही. २०१६ मध्ये डॅलसच्या पोलिसांनी बॉम्बनाशक रोबोवर स्फोटक लावून एका हल्लेखोराला ठार केले. तो हल्लेखोर पाच पोलिसांना मारून बसला होता, तरीही पोलिसांनी हे साधन वापरावे का यावर अमेरिकेत वाद पेटला. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये अशा वापराला दिलेली परवानगी लोकांच्या विरोधानंतर आठवडाभरात मागे घ्यावी लागली. गडचिरोलीत प्रश्न याहून कठीण आहे. इथे समोरचा माणूस नागरिक आहे. सरपण आणायला गेलेला माडिया तरुण आणि नक्षलवाद्यांच्या दलमचा सदस्य यांतला फरक कॅमेऱ्याच्या चित्रातून कळत नाही. तो कळतो चालण्यावरून, बोलण्यावरून, त्याच्या गावच्या नावावरून. ज्या यंत्राचा संपर्क वळणावर तुटतो, त्याच्या हाती बंदूक देणे म्हणजे जबाबदारी कोणाची हेच न ठरवता गोळी झाडणे. राज्याने आपली भूभागावरची मानवविरहित यंत्रे निःशस्त्र राहतील असे लेखी जाहीर करावे. त्याने पोलिसांचे काही बिघडणार नाही, आणि गावात यंत्र आले की लोक दारे लावून घेणार नाहीत.

यंत्राने काय होणार नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. जांभूळखेड्याचा दिवस आठवावा. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती. ती जाळपोळ आमिष होती. पोलीस तिकडे येणार, कोणत्या रस्त्याने येणार, हे पेरणाऱ्याला ठाऊक होते. शीघ्र कृती दलाचे जवान दिवसाढवळ्या एका खाजगी गाडीतून, रस्ता न तपासता निघाले. त्या दिवशी ठाण्यात जगातले सर्वोत्तम यंत्र उभे असते, तरी ते उभेच राहिले असते. रस्ता उघडल्याशिवाय गाडी न काढण्याची शिस्त कोणत्याही यंत्राच्या आधी येते. यंत्र ती शिस्त थोडी सोपी करते, कारण तपासणीचा वेळ आणि भीती दोन्ही कमी होतात. तिची जागा ते घेऊ शकत नाही.

तसेच माहितीचे. १९९० मध्ये सी-६० पथक उभे राहिले तेव्हा त्याचे वैशिष्ट्य शस्त्रांत नव्हते. स्थानिक तरुण, माडिया आणि गोंडी बोलणारे, जंगल पायाखालचे असणारे जवान हे ते वैशिष्ट्य. गावपाटलाच्या ओट्यावर बसून विचारपूस करणे, कोणाचा दाखला अडला आहे हे ऐकून घेणे, पोलिसांच्या दादालोरा खिडकी या मदत योजनेतून तो मिळवून देणे, यातून जी माहिती येते ती कोणत्याही कॅमेऱ्याला मिळत नाही. अमेरिकी लष्कराच्या २००६ च्या बंडखोरीविरोधी नियमपुस्तिकेने इराकमधल्या अनुभवावरून हेच नोंदवले, की स्वतःच्या संरक्षणासाठी भिंतींआड आणि चिलखतांत राहणारे सैन्य लोकांपासून तुटते आणि शेवटी अधिक असुरक्षित होते. म्हणून यंत्राने मोरी तपासावी, ओझे वाहावे. गावात माणसानेच जावे.

आता खरेदीचा मुद्दा, आणि इथे मानक नगरचा दाखला द्यावासा वाटतो. लखनौ-कानपूर मार्गावरच्या या छोट्या स्थानकाला लागून आरडीएसओ, म्हणजे भारतीय रेल्वेसाठी अभिकल्प आणि मानके ठरवणारी संस्था आहे. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ चे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ती उभी राहिली. इथली रीत अशी : वस्तू विकत घेण्याआधी ती काय करू शकली पाहिजे हे आकड्यांत लिहिले जाते. नवा डबा आला की त्याला मोजमापाची उपकरणे लावून, रिकामा आणि भरलेला, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत आणि शेवटी ठरलेल्या वेगाहून थोड्या अधिक वेगानेही पळवले जाते. तो किती हेलकावतो ते नोंदवले जाते. मगच प्रवासी बसतात. पुरवठादाराच्या शब्दावर इथे काही धावत नाही. लाखो लोक ज्यावर रोज विसंबतात, त्याला ही काळजी लागतेच. जवानाचा जीव ज्यावर विसंबणार, त्याला ती कमी लागत नाही.

पोलीस खात्याची खरेदी अनेकदा प्रदर्शनात सुरू होते. गुळगुळीत फरशीवर, वातानुकूलित मंडपात यंत्र सुंदर चालते. गडचिरोलीसाठी वेगळी परीक्षा हवी आणि ती लिहायला हवी ती यंत्र चालवणाऱ्या जवानांनी : बॉम्ब शोधक व नाशक पथक, सी-६० चे पथकप्रमुख, मोटार परिवहनाचे कारागीर. दोन जवानांनी ते खांद्यावर अर्धा किलोमीटर नेऊन दाखवावे. जुलैच्या पावसात ते खऱ्या मोरीत शिरावे आणि परत यावे. पुरलेल्या नकली स्फोटकांपैकी किती सापडली आणि किती खोटे इशारे आले, हे दोन्ही आकडे नोंदले जावेत. नुसता पहिला आकडा फसवा असतो. जॅमर चालू असताना संपर्क टिकतो का हे पाहावे. संपर्क तुटलाच तर यंत्र जागीच थांबते की आल्या वाटेने मागे फिरते, हे ठरलेले असावे. बॅटरी मे महिन्याच्या दुपारी किती टिकते ते घड्याळ लावून मोजावे. यंत्राचे सुटे भाग नागपुरात मिळाले पाहिजेत आणि पडद्यावरच्या सूचना मराठीत असल्या पाहिजेत. या परीक्षेत जे बसेल ते घ्यावे, आधी पाच-सहा केंद्रांवर एक पूर्ण वर्ष वापरावे, मोडतोडीची नोंदवही ठेवावी आणि ती वाचूनच पुढची मागणी काढावी. दिघीची प्रयोगशाळा आणि गडचिरोलीचे पोलीस मुख्यालय एकाच राज्यात आहेत. अभियंत्यांनी एक पावसाळा भामरागड उपविभागात काढला, तर पुढचे यंत्र नक्कीच वेगळे बनेल.

हा सगळा खर्च आता कशाला, असे कोणी म्हणेल. चळवळ ओसरली आहे हे खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. पण पुरलेले स्फोटक शरण येत नाही. पेरणारा मेला, पकडला गेला किंवा घरी परतला, तरी कुकर जमिनीतच राहतो आणि दाबाची कळ वर्षानुवर्षे वाट पाहू शकते. कंबोडिया आणि अंगोलात युद्धे संपून दशके उलटली, तरी शेतकरी आजही सुरुंगांवर पाय देऊन मरतात. गडचिरोलीचा विस्तार १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगल आहे. लोकांची उपजीविका याच जंगलात आहे : बांबू, तेंदू, मोह, डिंक. वनहक्क कायद्याने ग्रामसभांना दिलेले जंगल त्यांना निर्धास्तपणे वापरता आले पाहिजे.

म्हणून येत्या वर्षांतले मोठे काम शोध आणि सफाईचे आहे, आणि तिथे मानवविरहित यंत्रे लढाईपेक्षाही जास्त कामाची ठरतील. घाई नसते, गोळीबार नसतो, एकेक पट्टा आखून हळूहळू पुढे जाता येते. सुरुवात माणसांच्या माहितीपासूनच व्हावी. शरण आलेल्यांपैकी अनेकांनी स्वतः स्फोटके पेरली आहेत किंवा पेरताना पाहिली आहेत. कोणत्या पहाडीच्या कोणत्या उतारावर, कोणत्या मोरीच्या कोणत्या तोंडाशी, हे त्यांना आठवते तोवर नकाशावर उतरवून घ्यावे. आठवण आणि जंगल दोन्ही दरवर्षी बदलतात. गावकऱ्यांना ज्या वाटा टाळायला सांगितले जात होते, त्यांची यादी गावपाटलाकडून घ्यावी. मग त्या जागी यंत्र जावे, त्याच्या मागे श्वान, आणि सर्वांत शेवटी माणूस. एक पट्टा साफ झाला की ग्रामसभेत तसा लेखी दाखला वाचून दाखवावा, त्यावर बॉम्ब शोधक व नाशक पथकाच्या अधिकाऱ्याची सही असावी आणि त्याची प्रत वनविभाग व तहसील कार्यालयात राहावी. या कामासाठी स्वतंत्र पथक, स्वतंत्र तरतूद आणि जबाबदार अधिकारी गृहखात्याने नेमावा. जिल्हा नक्षलमुक्त घोषित झाला म्हणून ही तरतूद बंद होऊ नये.

कळावे,

मानक नगर, लखनौ येथील एक मराठी नागरिक